दुहेरी इंजिन आणि त्याची लहान प्रतिकृती



आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा क्षणभर डोळ्यांपुढे आणा. घाटाखालच्या पट्ट्यातून मुंबई-नागपूर लोहमार्ग जातो. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही त्यावरची आपली स्टेशने. जलंबहून एक फाटा खामगावला जातो. तो सुमारे तेरा किलोमीटरांचा आहे. खामगावचा कापूस बंदराकडे लवकर पोचावा म्हणून तो टाकला गेला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. घाटावर मात्र रूळ नाही. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा आणि जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले बुलढाणा, यांपैकी कुठेही आगगाडी येत नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी कित्येक पिढ्या चालत आली आहे, ती याच कारणाने.

तेव्हा आपल्या जिल्ह्यात दोन प्रकारची लेकरे आहेत. एक, शेगावच्या फलाटावर उभे राहून मालगाडीचे डबे मोजणारी. आणि दुसरी, इंजिन फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेली. आज मी जे सांगणार आहे ते दोघांच्याही उपयोगाचे आहे. विषय आहे दोन प्रकारच्या शक्तीवर चालणारे मालगाडीचे इंजिन, आणि त्याची शाळेच्या टेबलावर मावेल अशी, मापाने केलेली लहान प्रतिकृती.

इंजिन दुहेरी कशाला?

आधी साधा प्रश्न घेऊ. एकच शक्ती पुरत नाही काय? बैलगाडीला दोन प्रकारचे बैल कुणी जुंपत नाही, मग इंजिनाला दोन प्रकारची शक्ती कशाला?

याचे उत्तर आपल्याच मार्गावर मिळते. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली. तिच्या तारेत १५०० व्होल्टची एकदिश वीज होती. टॉर्चच्या सेलमधून येते तशी, एकाच दिशेने वाहणारी. तिला डीसी म्हणतात. पुढे काही वर्षांतच हीच वीज कल्याणवरून एकीकडे पुण्यापर्यंत आणि दुसरीकडे कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीपर्यंत पोचली.

नंतर काळ बदलला. दूरच्या मार्गांसाठी दुसरी पद्धत सोयीची ठरली. ती २५,००० व्होल्टची, उलटसुलट वाहणारी वीज. तिला एसी म्हणतात. आपल्या घरात येते ती याच जातीची. ती सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. १९६८-६९ च्या सुमारास इगतपुरी ते भुसावळ या भागात ही एसी वीज आली आणि १९९० च्या आसपास ती भुसावळकडून आपल्या मलकापूर-शेगाववरून नागपूरच्या बाजूला सरकली.

आता अडचण ध्यानात घ्या. इगतपुरीच्या अलीकडे एक वीज आणि पलीकडे दुसरी. एसीचे इंजिन डीसीच्या तारेखाली निकामी, आणि डीसीचे इंजिन एसीखाली नेले तर जळून जायचे. म्हणून गाडी इगतपुरीला थांबायची, एक इंजिन सुटायचे, दुसरे लागायचे. नागपूर-शेगावकडून मुंबईला जाणाऱ्या जुन्या प्रवाशांना हा मुक्काम आठवत असेल. बटाटेवडा खाऊन होईपर्यंत इंजिन बदललेले असायचे. प्रवाशाला वडा मिळत होता, ते ठीकच. पण मालगाडीचे काय? तिचा माल तेवढा वेळ पडून राहायचा, आणि दोन्ही बाजूंना इंजिनांचा वेगळा ताफा ठेवावा लागायचा.

तेव्हा आपल्या अभियंत्यांनी दोन्ही विजांवर चालणारी इंजिने केली. पहिली जात १९७० नंतरच्या दशकात चित्तरंजनच्या कारखान्यात तयार झाली. तिचे नाव डब्ल्यू-सी-ए-एम-१. एसीच्या तारेखाली तिची ताकद ३६४० अश्वशक्ती, आणि डीसीखाली २९३०. पुढे भेल या सरकारी कारखान्याने खास मालगाडीसाठी दोन विजांचे इंजिन केले. त्याचे नाव डब्ल्यू-सी-ए-जी-१. अशी बारा इंजिने झाली.

गुरुजी, ही नावे मुलांना पाठ करायला सांगू नका, फोडून दाखवा. डब्ल्यू म्हणजे रुंद मापाचा रूळ. सी म्हणजे डीसी वीज. ए म्हणजे एसी वीज. जी म्हणजे गुड्स, मालगाडी. एम असेल तर मिश्र, म्हणजे प्रवासी आणि माल दोन्ही. पी असेल तर प्रवासी. डी असेल तर डिझेल. एवढे कळले की मूल स्टेशनवर उभे राहून इंजिनाच्या अंगावरची अक्षरे वाचते आणि त्याचा स्वभाव सांगते.

त्याच्या पोटात काय चालते?

इंजिनाच्या छतावर घडीचा हात असतो. त्याला पॅन्टोग्राफ म्हणतात. तो वर उठतो आणि तारेला खालून टेकतो. वीज त्यातून आत येते, चाकांजवळच्या मोटारी फिरवते आणि चाकांवाटे रुळात उतरून उपकेंद्राकडे परत जाते. तार ही जायची वाट, रूळ ही यायची वाट. ही गोष्ट पुढे लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

डब्ल्यू-सी-ए-जी-१ सारख्या इंजिनातल्या मोटारी डीसीवर चालणाऱ्या होत्या. डीसीची तार डोक्यावर असेल तर वीज रोध लावून, आवरून-सावरून मोटारींना देता येते. एसीची तार असेल तर आधी दोन कामे करावी लागतात. २५,००० व्होल्टचा दाब उतरवायचा. हे काम रोहित्राचे, ज्याला गावात आपण डीपी म्हणतो, त्याच्याच मोठ्या भावाचे. नंतर उलटसुलट वीज एका दिशेची करायची. हे काम एकदिशकारकाचे, ज्याला कारागीर रेक्टिफायर म्हणतात. म्हणजे मोटारी त्याच, चाके तीच, फक्त विजेने आत यायचे दरवाजे दोन. दुहेरी इंजिनाचे सारे मर्म एवढ्यात आले.

कुणी विचारील, दोन दाब हवेतच कशाला? हिशेब करून पाहा. समजा इंजिनाला ३,००० किलोवॅट शक्ती हवी. १५०० व्होल्टने ती द्यायची तर सुमारे २,००० अँपियरचा प्रवाह लागतो. २५,००० व्होल्टने दिली तर अवघा १२० अँपियर. विहिरीचे पाणी कमी दाबाने न्यायचे तर नळी जाड लागते, जास्त दाबाने न्यायचे तर बारीक नळी भागवते, तसेच हे. कमी दाबाला जाड तारा आणि जवळजवळ उपकेंद्रे लागतात. म्हणूनच शेवटी मुंबईची डीसी वीजही बदलायचे ठरले. टप्प्याटप्प्याने काम झाले आणि एप्रिल २०१६ मध्ये मुंबईच्या उपनगरी मार्गांवरची डीसी संपली. आता शेगावहून मुंबईपर्यंत डोक्यावर एकच वीज आहे. दोन विजांच्या इंजिनांनी आपले काम चोख केले आणि त्यांची गरजच उरली नाही.

मग आजचे दुहेरी इंजिन कोणते?

आज जगात दुहेरी इंजिन म्हणतात ते वेगळ्या अर्थाने. तारेखाली विजेवर आणि तार नसेल तिथे स्वतःच्या पोटातल्या डिझेलवर चालणारे इंजिन. ब्रिटनमध्ये २०१७ पासून धावणारे ‘क्लास ८८’ हे याचे चांगले उदाहरण. अशी दहा इंजिने आहेत. आपल्यासारख्याच २५,००० व्होल्टच्या तारेखाली त्याची ताकद ४,००० किलोवॅट. तार संपली की आतले डिझेल ७०० किलोवॅट शक्ती देते.

आकड्यांतला फरक पाहिलात ना? डिझेलवर ताकद पाचव्या हिश्श्याच्याही खाली जाते. हे चुकून झालेले नाही. मोठ्या मार्गावर वेगाने ओढण्यासाठी तारेची वीज, आणि गोदामापर्यंतच्या शेवटच्या दोन-चार मैलांवर सावकाश जाण्यासाठी डिझेल. बाजारला जाताना आपण एसटीने जातो आणि फाट्यावरून गाव पायी गाठतो, तसाच हा हिशेब. पायी चालण्यासाठी एसटीएवढी ताकद कोण बाळगील?

शेवटच्या तुकड्यावर तार का नसते? कारण माल भरायच्या जागी डोक्यावर तार असणे अडचणीचे आणि धोक्याचे. उघड्या वाघिणीत वरून कोळसा ओततात, यारीने जड पेट्या उचलून ठेवतात. तिथे २५,००० व्होल्टची तार कशी चालेल? आपल्या देशात आता जवळजवळ सर्व रुंद मार्गांवर तार आली आहे. तरी मालधक्का, कारखाना आणि गोदाम यांची ही शेवटची अडचण कुठेही राहतेच.

इथे एक गैरसमज दूर करतो. डिझेल इंजिन तेलाने चाके फिरवते असे बहुतेकांना वाटते. मोठ्या मालगाडी-इंजिनात तसे नसते. तेलावरचे यंत्र वीज तयार करणारे जनित्र फिरवते, आणि त्या विजेवर चाकांजवळच्या मोटारी फिरतात. म्हणजे डिझेल इंजिन हे चालते-फिरते वीजघरच. म्हणून दुहेरी इंजिनात मोटारी दोनदा बसवाव्या लागत नाहीत. वीज बाहेरून घ्यायची की घरी करायची, एवढाच प्रश्न.

आता प्रतिकृती करू

प्रतिकृती म्हणजे खेळणे नव्हे. खेळण्यात रंग आणि आकार आला की भागते. प्रतिकृतीत प्रत्येक माप एकाच प्रमाणाने लहान करावे लागते. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय आहे. ते १ एप्रिल १९९८ रोजी लोकांना खुले झाले. पुण्याची सहल निघाली तर मुलांना तिथे जरूर न्या. पण दुकानातली किंवा संग्रहालयातली किमती गाडी प्रत्येक शाळेला परवडणार नाही. तिची गरजही नाही. पुठ्ठा, पट्टी आणि चिकाटी एवढ्यावर काम होते.

आपण १ : ४० हे प्रमाण घेऊ, कारण भागाकार सोपा. खरे ४० सेंटिमीटर म्हणजे आपले १ सेंटिमीटर. आता मापे काढा. इंजिन साधारण २० मीटर लांब, म्हणजे आपले ५० सेंटिमीटर. आपल्या रुंद रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर, ४० ने भागले की ४२ मिलिमीटर भरले. आपल्याकडच्या मालगाडी-इंजिनाचे नवे चाक साधारण १०९२ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे आपले २७ मिलिमीटरांच्या थोडे वर. हे माप मुलांना पट्टी देऊन घरात शोधायला सांगा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचे झाकण त्याच्या जवळपास येते! सहा आसांचे इंजिन असेल तर बारा झाकणे लागतील. ती गावात फुकट मिळतात.

तार रुळाच्या वर सुमारे साडेपाच मीटर असते, म्हणजे प्रतिकृतीत पावणेचौदा सेंटिमीटर. चालक पाच फूट तीन इंच, म्हणजे १६० सेंटिमीटर उंच धरला तर तो पुठ्ठ्यात चार सेंटिमीटरांचा निघेल. इंजिनाशेजारी हा चार सेंटिमीटरांचा माणूस जरूर उभा करा. इंजिन किती मोठे हे मुलाला आकड्यांनी समजत नाही, या माणसाने समजते.

आता हिशेब पटांगणावर न्या. मालगाडी ७०० मीटर लांब असेल तर आपल्या प्रमाणात ती साडेसतरा मीटर होईल. व्हरांडा पुरणार नाही. जलंब ते खामगाव तेरा किलोमीटर, म्हणजे ३२५ मीटर. शाळेच्या फाटकातून निघून मूल सव्वातीनशे मीटर चालले की ‘खामगाव’ आले. आणि ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी आपल्या प्रमाणात सेकंदाला सुमारे ४२ सेंटिमीटर जाईल. लांबी, वेळ, वेग, प्रमाण आणि दशांश, पाचवी ते आठवीच्या गणिताचा निम्मा भाग एका पुठ्ठ्याच्या इंजिनात बसतो.

ते चालवायचे कसे?

खेळण्यातली लहान मोटार, चार सेल, एक टू-वे स्विच, थोडी तांब्याची उघडी तार आणि चहाच्या किंवा औषधाच्या पाकिटातला चांदीसारखा कागद, एवढे साहित्य घ्या. रुळांवर तो चकचकीत कागद चिकटवा, पण आधी सेल आणि दिवा लावून त्यातून वीज जाते ना हे पाहा. टेबलाच्या अर्ध्या लांबीवर, पावणेचौदा सेंटिमीटर उंचीवर तांब्याची तार ताणा. उरलेली अर्धी लांबी तारेविना ठेवा. तो आपला ‘फाटा’.

दोन सेल टेबलाच्या कडेला ठेवा. हे उपकेंद्र. त्यांचे धन टोक वरच्या तारेला, ऋण टोक रुळावरच्या कागदाला. उरलेले दोन सेल इंजिनाच्या पोटात. हे डिझेलचे सोंग. इंजिनाच्या छतावर पितळी पट्टीचा लवचिक हात बसवा, तो तारेला खालून घासला पाहिजे. आता मोटारीचे एक टोक स्विचच्या मधल्या खिळीला जोडा. स्विचची एक बाजू छतावरच्या हाताला, दुसरी बाजू पोटातल्या सेलच्या धन टोकाला. मोटारीचे दुसरे टोक दोन ठिकाणी न्या. एक पोटातल्या सेलच्या ऋण टोकाला, आणि एक रुळाला घासणाऱ्या पट्टीला. झाले.

स्विच एका बाजूला केला की वीज तारेतून येते आणि रुळातून परत जाते. दुसऱ्या बाजूला केला की पोटातल्या सेलवर मोटार फिरते. मोटार तीच! दुकानातल्या महाग गाड्यांत बहुधा वीज रुळांतूनच घेतात आणि छतावरचा हात नुसता दिखाऊ असतो. आपले पुठ्ठ्याचे इंजिन या एका बाबतीत त्यांच्यापेक्षा खरे आहे.

आता एका मुलाला चालक करा. ‘जलंब’ येण्याआधी त्याने स्विच बदलला पाहिजे. विसरला तर इंजिन तारेच्या टोकाशी थांबेल. वर्ग हसेल, हसू द्या. पण मग विचारा, खऱ्या चालकाचे काय होत असेल? त्याला तार कुठे संपते हे आधीच माहीत असावे लागते, मार्गाच्या कडेला तशा सूचना-पाट्या असतात, आणि तार संपण्याआधी छतावरचा हात खाली घ्यावा लागतो. हे मुलाच्या ध्यानात एकदा थांबून येते. दहा वेळा सांगून येत नाही.

एक कडक नियम मात्र पाळा. हा प्रयोग फक्त सेलवर. घरातल्या किंवा शाळेतल्या प्लगची वीज या खेळाला कधीही लावू नका. एखादे हुशार पोर “गुरुजी, जोरात पळवू” म्हणून तसे करायला जाईल, त्याच्यावर आधीच नजर ठेवा.

प्रतिकृती कुठे खोटे बोलते?

चांगला शिक्षक प्रतिकृतीचे गुण सांगतो, तसे तिचे खोटेपणही सांगतो. ते तीन ठिकाणी आहे.

पहिले, रुळाच्या मापात. जगभर जास्त विकली जाणारी लहान गाडी १ : ८७ या प्रमाणाची असते आणि तिच्या रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटरांच्या रुळांसाठी बरोबर आहे. आपल्या १६७६ च्या रुळांसाठी सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. म्हणून आपल्याकडचे इंजिन त्या रुळांवर ठेवले की त्याचे पाय जवळ आल्यासारखे दिसतात. मुलांना हा भागाकार करायला द्या. विकत आणलेली वस्तूही तपासून घ्यायची असते, एवढे तरी ती शिकतील.

दुसरे, वजनात. खरे मालगाडी-इंजिन १२० टनांचे धरा. ४० पट लहान केले म्हणजे वजन ४० पट कमी होते काय? नाही. लांबी ४० पट कमी, रुंदी ४० पट कमी आणि उंचीही ४० पट कमी. तेव्हा वजन ४० गुणिले ४० गुणिले ४०, म्हणजे ६४,००० पट कमी. १२० टनांचे जेमतेम १ किलो ८७५ ग्रॅम होतात. आपले पुठ्ठ्याचे इंजिन तर त्याहूनही हलके. म्हणून ते चढावर चाके नुसती फिरवील, पुढे जाणार नाही. त्यात ओल्या वाळूची पुरचुंडी ठेवा, लगेच पकड येईल. खऱ्या इंजिनालाही वजन हवेच असते. कसाऱ्याच्या घाटात ३७ मीटर गेले की १ मीटर चढ येतो. तिथे जड गाडीला ढकलायला मागून आणखी इंजिने लावतात. टेबलाखाली पुस्तके ठेवून ३७ ला १ असा उतार करा आणि आपले इंजिन किती डबे ओढते ते पाहा. घाट म्हणजे काय हे घाटाखालच्या आणि घाटावरच्या, दोन्ही मुलांना पटेल.

तिसरे खोटे सर्वांत धोक्याचे आहे, म्हणून ते शेवटी ठेवले.

प्रतिकृतीची तार मूल बोटाने धरते. काही होत नाही. दोन सेलची वीज मुंगीच्या चाव्याएवढीही जाणवत नाही. मूल दिवसभर त्या तारेशी खेळते आणि त्याच्या मनातली तारेची भीती निघून जाते. गुरुजन हो, इथेच सांभाळायचे. खऱ्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. घरातल्या विजेच्या शंभरपटींहून जास्त. तिला हात लावावाच लागतो असे नाही, नुसते फार जवळ गेले तरी ती हवेतून झेप घेते. रेल्वेचा नियम आहे की माणसाने आणि त्याच्या हातातल्या कोणत्याही वस्तूने त्या तारेपासून निदान दोन मीटर दूर राहावे. उभ्या असलेल्या वाघिणीच्या टपावर चढलेला पोरगा या दोन मीटरांच्या आत सहज जातो. गाडी थांबली म्हणून तार बंद होत नाही. इंजिन जवळपास नसले तरी तार जिवंतच समजावी.

हे नुसते पोरांपुरते नाही. तुषार सिंचनाचे लांब पाइप खांद्यावर उभे धरून रुळ ओलांडू नका, आडवे धरून न्या. लोहमार्गाच्या फाटकावर दोन्ही बाजूंना उंचीचा आडवा दांडा असतो. कडब्याची किंवा कापसाची गाडी त्या दांड्याला अडली तर माल वरून उतरवून कमी करा, दांडा वाकवून किंवा उचलून पुढे जाऊ नका. तो दांडा तुमच्या वाटेत नाही, तुमच्या आणि मरणाच्या मध्ये आहे. पतंग तारेत अडकला तर तो गेला समजा. दुसरा पतंग पाच रुपयांत येतो.

म्हणून माझी सूचना अशी. प्रतिकृती पूर्ण झाली की त्या चार सेंटिमीटरांच्या पुठ्ठ्याच्या माणसाला वाघिणीच्या टपावर उभे करा. मग तारेभोवती पाच सेंटिमीटर अंतर पट्टीने मोजा. आपल्या प्रमाणात तेच दोन मीटर आहेत. माणसाचे डोके त्या पाच सेंटिमीटरांच्या आत येते की नाही हे मुलांनाच पाहू द्या. हात वर केला तर काय होते तेही दाखवा. मग त्या माणसाला खाली उतरवून रुळाच्या बाजूला, सुरक्षित जागी ठेवा, आणि प्रतिकृती शाळेत असेपर्यंत तो तिथेच राहू द्या.

मलकापूर-नांदुऱ्याकडच्या मुलाला हे आज संध्याकाळी उपयोगी पडेल. लोणार-मेहकरकडच्या मुलाला त्याच्या गावी रूळ येतील त्या दिवशी, किंवा तो स्वतः नोकरीधंद्यासाठी घाट उतरून शेगावला गाडी पकडील त्या दिवशी. तोपर्यंत त्याने इंजिनाच्या अंगावरची अक्षरे वाचायला शिकलेले असावे, चढाचा हिशेब करता येत असावा, आणि डोक्यावरच्या तारेला किती अंतर द्यायचे हे त्याला ठाऊक असावे. एवढ्यासाठी बारा झाकणे, एक पुठ्ठा आणि चार सेल लागतात. येत्या शनिवारी दप्तरात पट्टी आणायला सांगा आणि सुरुवात करा.